अकरा रुपयांचं तिकीट आणि आठ आण्यांचं नाणं



घरात पन्नास पैशांचं नाणं आहे का, जरा शोधून बघा. देव्हाऱ्यातल्या डबीत, शिलाई मशीनच्या खणात, आजीच्या जुन्या बटव्यात, कुठंतरी एखादं निघेलच. ते नाणं आजही कायदेशीर चलन आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, पण आठ आणे बंद झालेले नाहीत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम, म्हणजे अशी वीस नाणी, तुम्ही बिनधास्त देऊ शकता. आता ती वीस नाणी घेऊन बार्शीटाकळीच्या कोणत्याही किराणा दुकानात जा आणि दहा रुपयांची साखर मागा. दुकानदार भला माणूस असेल तर हसेल, नाहीतर म्हणेल, "काहून मजाक करता जी?"

आज आपल्याला याच प्रश्नाकडं संशोधकाच्या नजरेनं बघायचं आहे: लहान किमतीची नाणी चलनात ठेवावीत की काढून टाकावीत? पानटपरीवर हा प्रश्न पाच मिनिटांत निकाली निघतो. पण तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा प्रश्न तुमच्या फार कामाचा आहे. साध्या दिसणाऱ्या प्रश्नात किती गृहीतकं दडलेली असतात, आणि ती न तपासता आकडे गोळा केले की काय होतं, हे याच्याइतकं स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला तरी दुसरं मिळालेलं नाही. (मी संख्याशास्त्रातली. अर्थशास्त्रवाल्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.)

पहिली अडचण 'चलनात' या शब्दाचीच आहे. आठ आण्यांचं नाणं कायद्यानं चलनात आहे, बाजारात नाही. याच्या उलट एखादी वस्तू कायद्यानं चलन नसते आणि बाजारात चालते. दुकानदार सुट्ट्या रुपयाऐवजी गोळी देतो ना, ती गोळी म्हणजे अशीच वस्तू. गंमत अशी की ती एकाच दिशेनं चालते. दुकानदाराकडून आपल्याकडं येते, पण आपण पाच गोळ्या साठवून त्याला परत दिल्या तर तो घेत नाही. तेव्हा 'चलनात आहे' म्हणजे कायदा परवानगी देतो, की समोरचा माणूस खरोखर घेतो? आणि घेतो म्हणजे कधी घेतो, कोणाकडून घेतो, किती घेतो? व्हायवाला बसलेला परीक्षक अगदी हाच प्रश्न विचारतो: तुमच्या मुख्य शब्दाची तुम्ही मोजता येईल अशी व्याख्या केली आहे का?

नाणं पाडायला खर्च किती?

वादात सगळ्यात आधी येतो तो खर्चाचा मुद्दा. २०१८ मध्ये माहिती अधिकाराखाली मिळालेल्या उत्तराचे आकडे वर्तमानपत्रांत आले होते: एक रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे, दोन रुपयांचं १ रुपया २८ पैसे, पाचचं ३ रुपये ६९ पैसे आणि दहाचं ५ रुपये ५४ पैसे. लगेच लोक म्हणाले, रुपया बनवायला रुपयापेक्षा जास्त लागतो, मग बंद करा. अमेरिकेतही हाच युक्तिवाद शेवटी जिंकला. एक सेंटचं नाणं, म्हणजे पेनी, पाडायला २०२४ च्या आर्थिक वर्षात ३.६९ सेंट लागत होते. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत व्यवहारासाठीची शेवटची पेनी पाडली गेली.

आता जरा थांबा. नाण्याचा खर्च त्याच्यावर छापलेल्या किमतीशी का ताडायचा? नाणं ही विकायची वस्तू नाही, वापरायचं साधन आहे. तराजू बनवायला किती खर्च आला याची तुलना आपण तराजूनं एकदा तोललेल्या कांद्यांच्या किमतीशी करत नाही. रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं, वर्षानुवर्षं टिकतं. ते पाचशे वेळा हातोहात फिरलं तर १ रुपया ११ पैसे हा खर्च पाचशे व्यवहारांत वाटला जातो. एका व्यवहाराला पाव पैसासुद्धा पडत नाही. तेच नाणं बाजारातून पहिल्यांदा घरी आलं आणि थेट डब्यात गेलं, तर सगळा खर्च एका व्यवहारावर पडतो. अमेरिकेच्या पेनीचं दुखणं हे होतं. ३.६९ सेंट लागतात यापेक्षा ती एकदा मिळाली की बरणीत जाऊन बसते, ही खरी गोष्ट होती. म्हणजे अंश तोच राहिला, छेद बदलला की निष्कर्ष उलटा होतो. छेदात काय आहे ते विचारल्याशिवाय कोणताही 'प्रति' असलेला आकडा आपल्या प्रबंधात घालू नका.

सरकारनंही हा हिशेब वेळोवेळी केलेला आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै होत्या. मग शंभर 'नये पैसे' झाले. साठच्या दशकात धातू महागले तेव्हा लहान नाणी हळूहळू अ‍ॅल्युमिनियमची झाली. सुरुवात तीन पैशांच्या षटकोनी नाण्यानं झाली. १९६८ मध्ये वीस पैशांचं नाणं काढलं, ते काही लोकांच्या पचनी पडलं नाही. एक, दोन, तीन पैशांची नाणी सत्तरच्या दशकात परवडेनाशी झाली म्हणून हळूहळू थांबली. १९८८ पासून दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे स्टेनलेस स्टीलचे झाले, १९९२ पासून रुपयाही. तो रुपया ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ च्या मालिकेत तो ३.७९ ग्रॅमवर आला. घरी किचनचा डिजिटल काटा असेल तर दहा जुने आणि दहा नवे रुपये तोलून बघा, महागाई डोळ्यांना दिसेल.

पण नाणी बंद करण्यातला खरा वाद खर्चाचा नाहीच. तो राउंडिंगचा आहे.

नऊ रुपयांचा हिशेब

सगळ्यात लहान नाणं काढून टाकलं की किमती पुढच्या नाण्यापर्यंत खालीवर कराव्या लागतात. समजा, उद्या एक आणि दोन रुपयांची नाणी गेली आणि सगळ्यात लहान नाणं पाचाचं उरलं. नियम असा ठेवू की बिलाची एकूण रक्कम जवळच्या पाचाला न्यायची. शेवटचा आकडा १ किंवा २ असेल तर खाली, ३ किंवा ४ असेल तर वर पाचाला; ६, ७ खाली पाचाला, ८, ९ वर दहाला. बरोबरीचा मामला दिसतो. शेवटचे आकडे सगळे सारख्याच वेळा आले तर ग्राहकाचं जेवढं जातं तेवढंच येतं. सरासरी शून्य.

आता दुकानात नऊ रुपयांची एक वस्तू घ्या. एक घेतली तर बिल ९, द्यायचे १०. एक रुपया गेला. दोन घेतल्या तर १८, द्यायचे २०. दोन रुपये गेले. तीन घेतल्या तर २७, द्यायचे २५. दोन रुपये वाचले. चार घेतल्या तर ३६, द्यायचे ३५. एक वाचला. पाच घेतल्या तर ४५, काही फरक नाही. एक ते पाच सगळ्यांची बेरीज करा: अधिक एक, अधिक दोन, वजा दोन, वजा एक, शून्य. एकूण शून्य! सरासरीवाला माणूस खूश.

पण बार्शीटाकळीत नऊची एकच वस्तू कोण घेतं आणि पाच कोण घेतं? महिन्याचा किराणा भरणारं नोकरदार घर पाच घेतं. संध्याकाळी निंदणाची मजुरी हातात पडल्यावर त्या दिवसापुरतं तेल, चहापत्ती, शाम्पूची पुडी घेणारी बाई एक घेते, फार तर दोन. तिच्यासाठी नऊवर एक रुपया म्हणजे अकरा टक्के. ती रोज वर जाणाऱ्या राउंडिंगमध्ये आहे आणि महिन्याचं सामान भरणारा कधी वर, कधी खाली. दोघांची सरासरी काढली की तिचा तोटा त्या सरासरीत बुडून जातो. लहान नाण्यांच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला ही वाटते. शून्य सरासरी म्हणजे कोणाचंच नुकसान नाही असं नसतं.

हाच वाद अमेरिकेत दोन अर्थशास्त्रज्ञांत झाला आणि तो एकाच नियतकालिकात, 'ईस्टर्न इकॉनॉमिक जर्नल'मध्ये, वाचायला मिळतो. रेमंड लोंब्रा यांनी २००१ मध्ये दुकानातल्या किमती घेऊन हिशेब मांडला आणि सांगितलं की पेनी गेली तर राउंडिंगपायी ग्राहकांना वर्षाला किमान ६० कोटी डॉलरचा भुर्दंड बसेल. रॉबर्ट व्हेपल्स यांनी २००७ मध्ये कन्व्हिनियन्स स्टोअरच्या एका साखळीतले, सात राज्यांतले, सुमारे दोन लाख प्रत्यक्ष व्यवहार तपासले आणि म्हटलं की परिणाम जवळजवळ नाहीच. दोघांनी प्रामाणिकपणे काम केलं. फरक इतकाच की एकानं किमतींपासून सुरुवात केली, दुसऱ्यानं प्रत्यक्ष बिलांपासून. माणूस एका वेळी किती वस्तू घेतो आणि वर कर किती लागतो यावर शेवटचा आकडा ठरतो. तो गृहीत धरायचा की मोजायचा, इथं दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण 'अमुकनं असं म्हटलं, तमुकनं तसं म्हटलं' अशी माळ ओवतो. त्याऐवजी हे दोन लेख शेजारी ठेवा आणि ते नेमके कुठं फुटतात ते एका परिच्छेदात लिहून बघा. रिसर्च गॅप म्हणतात ती तिथंच सापडते.

आणि 'आमच्याकडं निधी नाही, डेटा नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी एक तिसरं नाव. कॅनडानं ४ फेब्रुवारी २०१३ पासून पेनीचं वाटप थांबवलं. रोख व्यवहार पाच सेंटांना राउंड होऊ लागले; कार्डाचे व्यवहार सेंटासह तसेच राहिले. क्रिस्टिना चेंग नावाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मुलीनं, ती तेव्हा पदवीलाच होती, किराणा दुकानांतल्या सुमारे अठरा हजार किमती गोळा केल्या आणि त्यावरून खरेदीचं अनुकरण केलं. तिचा निष्कर्ष असा की किराणा दुकानांना राउंडिंगमधून वर्षाला सुमारे ३२ लाख ७० हजार कॅनडियन डॉलर जास्त मिळतात. प्रत्येक दुकानाच्या वाट्याला येणारी रक्कम किरकोळच, पण ती शून्य नव्हती आणि दुकानाच्या बाजूनं होती. अठरा हजार किमती! आपण साठ जणांची प्रश्नावली भरून घेतली की हुश्श करतो.

एसटीनं केलेला प्रयोग

परदेशातली उदाहरणं पुरे. हा प्रयोग आपल्याकडं झालेला आहे, आणि एकदा नाही, दोनदा, उलटसुलट.

जून २०१८ मध्ये एसटीची १८ टक्के भाडेवाढ झाली. त्याच वेळी सुट्ट्या पैशांची कटकट मिटावी म्हणून तिकिटाची रक्कम पाचाच्या पटीत करायचं ठरलं. सात रुपये होत असतील तर पाच घ्यायचे, आठ होत असतील तर दहा. म्हणजे एसटीपुरतं एक आणि दोनचं नाणं संपलं. मग २०२५ च्या जानेवारीत १४.९५ टक्के वाढ झाली, आणि किमान तिकीट दहावरून अकरा रुपयांवर गेलं. पाचाची पट सुटली. राज्यभर वाहक आणि प्रवासी यांच्यात सुट्ट्यांवरून वाद सुरू झाले. परिवहन मंत्र्यांनाही प्रवाशांनी यूपीआयनं तिकीट काढावं असं सांगावं लागलं.

आधी पाचाच्या पटीच्या काळाकडं बघू. जानेवारी २०२५ पर्यंत साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा एक टप्पा ८ रुपये ७० पैशांचा होता. तिकिटात मिसळणाऱ्या बाकीच्या रकमा बाजूला ठेवून नुसता टप्प्यांचा हिशेब कागदावर करा. एक टप्पा ८.७०, जवळचा पाच म्हणजे १०. प्रवासी १ रुपया ३० पैसे जास्त देतो. दोन टप्पे १७.४०, तिकीट १५; २ रुपये ४० पैसे कमी. तीन टप्पे २६.१०, तिकीट २५. १ रुपया १० पैसे कमी. चार टप्पे ३४.८०, तिकीट ३५. वीस पैसे जास्त. पाच टप्पे ४३.५०, तिकीट ४५. दीड रुपया जास्त. सहा टप्पे ५२.२०, तिकीट ५०. २ रुपये २० पैसे कमी. सहा टप्प्यांची सरसकट बेरीज केली तर प्रवाशांचाच फायदा दिसतो, २ रुपये ७० पैशांचा.

पण ही बेरीज सरसकट करायची का? एक टप्पा जाणारा कोण? शेजारच्या गावातून बार्शीटाकळीला शाळेत येणारं पोरगं (पास नसेल तर), बाजारात मेथीच्या जुड्या घेऊन येणारी बाई. त्यांच्या वाट्याला ८.७० वर १.३०, म्हणजे सुमारे पंधरा टक्के जास्त. तीन टप्पे जाणारा, म्हणजे साधारण इथून अकोल्याला नोकरीला जाणारा, त्याला सव्वाचार टक्के सूट. कोणी ठरवून केलं नाही हे. टप्प्याची लांबी, भाड्याचा दर आणि पाचाची पट या तीन आकड्यांनी परस्पर ठरवलं. नऊ रुपयांच्या वस्तूत जे दिसलं तेच इथं दिसतं: लहान व्यवहार करणारा राउंडिंगच्या चुकीच्या बाजूला सापडतो. नेहमीच सापडतो असं नाही. दर बदलला की बाजू बदलते. म्हणून तर मोजावं लागतं.

आता अकराच्या तिकिटाकडं या. प्रवाशानं वीसची नोट दिली तर नऊ परत करायचे. नऊ रुपये कमीत कमी किती नाण्यांत होतात? पाच, दोन, दोन. तीन नाणी. दहाच्या तिकिटाला एक दहाची नोट परत दिली की काम संपत होतं. गाडीत चाळीस जण किमान भाड्याचे आणि सगळ्यांनी वीसच्या नोटा काढल्या, तर वाहकाच्या पिशवीत एकशे वीस नाणी हवीत, एका फेरीला. तेवढी नसतात, म्हणून तो तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, आणि उतरायच्या गडबडीत निम्मे लोक ती बाकी विसरतात. उलट प्रत्येकाच्या खिशात एकेक सुटा रुपया असता, तर एकवीस दिले, दहा परत घेतले, झालं. इथं एका रुपयाचं नाणं आपला १ रुपया ११ पैशांचा खर्च एका दिवसात वसूल करतं. ते कोणाच्या ताळेबंदात दिसत नाही इतकंच.

म्हणजे 'रुपयाचं नाणं ठेवावं का' या प्रश्नाचं उत्तर नाण्यात नाही, किमतींच्या जाळीत आहे. किमती पाचाच्या पटीत असतील तर रुपयाची गरज नाही. किमती अकरा, सतरा, तेवीस अशा असतील तर रुपयाशिवाय गाडी हलणार नाही. आणि हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं: नाण्यांकडं बघूनही किमती ठरतात. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोका-कोलाचं. डॅनियल लेव्ही आणि अँड्र्यू यंग यांच्या २००४ च्या लेखात ते सविस्तर आहे. १८८६ पासून १९५९ पर्यंत, सत्तर वर्षांहून जास्त काळ, त्या पेयाची किंमत पाच सेंटच राहिली. एक मोठं कारण म्हणजे विक्रीचं यंत्र एकच नाणं घेत असे आणि पाच सेंटांनंतरचं सोयीचं नाणं थेट दहा सेंटांचं होतं. किंमत वाढवायची तर एकदम दुप्पट! कंपनीनं साडेसात सेंटांचं नाणं काढा असा आग्रहही धरून पाहिला. आपल्याकडं पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याची किंमत हलत नाही, वजन हलतं. नाणं जिथं संपतं तिथून ग्रॅम सुरू होतात.

दहाचा शिक्का

इथवर लहान नाण्यांचं बोललो. पण आपल्या वऱ्हाडातली खरी गंमत मोठ्या नाण्याची आहे. दहाचं नाणं इथल्या बऱ्याच दुकानांत घेत नाहीत. "दहाचा शिक्का नको ना जी, पुढं कोनी घेत नाही," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. मुंबई-पुण्यात तेच नाणं बिनबोभाट चालतं.

अफवा बनावट नाण्यांची होती. रुपयाचं नवं चिन्ह २०१० मध्ये आलं, २०११ पासून ते नाण्यांवर आलं. काही नाण्यांवर दहा रेषा, काहींवर पंधरा. लोकांना वाटलं यातलं एक खोटं. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला पत्रक काढून सांगितलं की दहाच्या नाण्याच्या आजवर काढलेल्या चौदाही नक्ष्या खऱ्या आहेत. दुकानदारांना हे माहीत नाही असं नाही. त्यांच्यापैकी बरेच जण म्हणतील, "खरा आहे, माहीत आहे मले. पण मी घेतला तर मी काय करू त्याचं?"

हे उत्तर अडाणीपणाचं नाही, पूर्ण तर्कशुद्ध आहे. नोबुहिरो कियोताकी आणि रँडल राइट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाचा गाभा हाच आहे: मी एखादी वस्तू पैसा म्हणून घेतो, कारण पुढचा ती घेईल असं मला वाटतं. सगळ्यांना तसं वाटलं तर ती चालते, कोणालाच वाटलं नाही तर चालत नाही, आणि दोन्ही स्थिती आपापल्या जागी टिकून राहतात. एकट्या दुकानदाराला शहाणं करून उपयोग नाही. त्याच्या घाऊक मालवाल्यानं आणि बँकेच्या काउंटरनं घेतलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत, कोणत्याही बँकेच्या शाखेनं नाणी नाकारायची नाहीत. ती शंभर-शंभरच्या पिशव्यांत किंवा वजनावरही घेता येतात. साखळीतली ती शेवटची कडी पक्की असेल तर आधीच्या कड्या आपोआप सुटतात.

या नजरेनं पाहिलं की आठ आण्यांचं कोडंही सुटतं. ते कोणी बंद केलं नाही. पुढचा घेणार नाही असं प्रत्येकाला वाटलं, एवढं पुरे झालं. आणि कायदेशीर निर्णय न होता नाणं असं आपोआप मेलं की राउंडिंगचा नियम कोणीच ठरवत नाही. ज्याच्या हातात गल्ला, त्याचा नियम. जीएसटीच्या कायद्यात निदान कलम १७० आहे: कराची रक्कम जवळच्या रुपयाला न्यायची, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वर, कमी असतील तर सोडून द्यायचे. रोखीनं तेल घेणाऱ्या बाईसाठी असं कलम नाही.

म्हणून माझं मत सांगते, पटलं नाही तर खोडून काढा. आठ आण्यांचं नाणं रीतसर बंद करावं आणि त्यासोबत रोख बिलांच्या राउंडिंगचा नियम छापून दुकानात, गाडीत लावावा. रुपया आणि दोन रुपये मात्र ठेवावेत, निदान एसटीचं तिकीट अकरा रुपयांचं आहे तोवर. यूपीआयमुळं हा प्रश्न मिटतोय असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: कोणाचा मिटतोय? क्यूआर कोडनं देणारा दशांशासह बरोबर देतो. रोखीत उरतो तो लहान खरेदीवाला, म्हातारा, फोन नसलेला. उद्या कोणी डिजिटल व्यवहारांच्या डेटावरून 'सुट्ट्यांची गरज घटली' असा निष्कर्ष काढला, तर नमुना कोणाचा घेतला हे आधी विचारा. ज्यांना सुट्टे लागतात ते त्या डेटात नाहीतच.

तुटवडा आहे की वाटपच फसलंय, हाही वेगळा विषय आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं क्यूआर कोडवर नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रायोगिक उपक्रम १२ शहरांसाठी जाहीर केला. तेव्हा कारण असं सांगितलं गेलं की नाणी गोदामांत जागा अडवून पडली आहेत आणि काही ठिकाणी मागणी असूनही पोचत नाहीत. वाहकाची पिशवी रिकामी आणि गोदाम भरलेलं.

यावर काम करायचं असेल तर पैसे लागत नाहीत, वही लागते. एका किराणा दुकानात, मालकाची परवानगी घेऊन, आठवडाभर संध्याकाळी दोन तास बसा. प्रत्येक रोख व्यवहाराची नोंद करा: किती वस्तू, खरी रक्कम किती, दिले किती, परत काय मिळालं (नाणं, गोळी, 'उद्या घ्या'). नावं लिहू नका. दोनशे नोंदी झाल्या की वस्तूंच्या संख्येप्रमाणे गट पाडा आणि राउंडिंग कोणत्या गटात कोणत्या बाजूला झुकतं ते बघा. किंवा नाण्यांवरच्या टांकसाळीच्या खुणा मोजा. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. युरो आल्यावर डच गणितज्ञांनी लोकांना आपापल्या पाकिटातली नाणी मोजून कळवायला सांगितलं होतं, कोणत्या देशाची नाणी किती वेगानं मिसळतात ते बघायला. आपण अकोला-वाशिम-हिंगोली-पूर्णा या मार्गावर स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर तेच करू शकतो: चौकट किती, चांदणी किती. सोबत खिशात दहाचे दहा शिक्के ठेवा आणि कोणत्या स्टेशनापासून चहावाला ते न बोलता घेतो, तेही लिहा.

आणि एसटीत असाल तर आणखी एक. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. अकराचं अर्धं साडेपाच होतं, आणि आठ आणे तर कोणी घेत नाही. पुढच्या वेळी तिकीट हातात आलं की त्यावरची रक्कम वाचा आणि राउंडिंग कुठल्या बाजूला गेलं ते वहीत टिपून ठेवा.